जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प मेला असं समजू नका, आधी सिरीज बोर्डवर लावा

मागच्या काही वर्षांत आमच्याकडं एक गोष्ट वाढायलीय. नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगरची कॉलेजातली पोरं बँड करायलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आता मोबाईलमधला, पेडलमधला आवाज पुरेनासा झालाय, त्यांना खराखुरा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पाहिजे. नवा परवडत नाही. मग कुणी मुंबईच्या जुन्या हॉटेल बँडवाल्याकडून, कुणी बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या गोडाऊनमधून, कुणी अमेरिकेतून परत आलेल्या नातेवाइकाकडून पन्नास-साठ वर्षं जुना अ‍ॅम्प घेऊन येतं, हौसेनं पिन बोर्डात घालतं, आणि मग एकतर नुसती भणभण येते नाहीतर फ्यूज जातो नाहीतर सरळ धूरच निघतो. त्यानंतर सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा हे व्हॉल्व्ह कुठं मिळतील?

मी रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळं हा प्रश्न मला सारखा येतो, आणि उत्तर बहुतेकांना पटत नाही. व्हॉल्व्ह बऱ्याचदा ठीक असतात हो. मेलेला असतो कंडेन्सर, किंवा अर्थ नसतो, किंवा आपल्या लाईटच्या व्होल्टेजशी त्या अ‍ॅम्पचं जमत नसतं. हे तिन्ही तपासायच्या आधी महागडे व्हॉल्व्ह आणून घातले की तेही दोन दिवसांत जळतात. म्हणून हा लेख, जरा सावकाश वाचा.

आत चालतं काय

गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या पट्टीतून, जो विजेचा इशारा निघतो तो अगदीच बारका असतो, एका व्होल्टचा दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त. आणि ५० वॉटच्या अ‍ॅम्पला ८ ओहमच्या स्पीकरवर पूर्ण जोर लावायचा तर साधारण २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. एवढ्याशा इशाऱ्याचं एवढं मोठं काम कसं होतं?

जायकवाडीचा कालवा डोळ्यासमोर आणा. नाथसागरात पाणी तुंबलेलं आहे, कालव्याला दार आहे, आणि ते दार फिरवायला एका माणसाचा हात पुरतो. पाण्याचा जोर त्या माणसाचा नाही, धरणाचा आहे, माणूस फक्त दार थोडं वर थोडं खाली करतो. व्हॉल्व्हमध्ये असंच आहे. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते, मधोमध एक तापणारी नळी असते तिला कॅथोड म्हणतात, ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला पत्र्याची प्लेट असते, तिच्यावर ३००-४०० व्होल्ट असतात म्हणून ते इलेक्ट्रॉन तिच्याकडं ओढले जातात. हा झाला कालवा. आणि दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, तिचं नाव ग्रिड, ते दार. गिटारचा इशारा फक्त ग्रिडवर जातो, आणि त्याच्या हुकमानं मोठा करंट कमी-जास्त होतो.

ही जाळी पहिल्यांदा ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन माणसानं १९०६ साली घातली. त्यानंतर चाळीसेक वर्षं रेडिओ, टेलिफोन, सिनेमा सगळं याच्यावर चाललं, १९४७ ला ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागं पडले. गिटारवाल्यांनी मात्र सोडले नाहीत. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं अ‍ॅम्प बनवले, लंडनमध्ये जिम मार्शल हा मूळचा ड्रमर, दुकान चालवायचा, त्यानं आणि त्याच्या माणसांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या बासमॅन नावाच्या मॉडेलचंच सर्किट समोर ठेवून पहिला अ‍ॅम्प केला, आणि तिथून रॉकचा आवाज बदलला. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर ढकललं की तो आवाज एकदम कापत नाही, हळूहळू दाबत नेतो, म्हणून तार जोरात छेडली की अ‍ॅम्प गुरगुरतो आणि हलक्या हातानं वाजवली की पुन्हा स्वच्छ होतो. हे बोटाखाली जाणवतं. ज्यानं एकदा वाजवलं त्याला मी वेगळं सांगायची गरज नाही.

बरं, असल्या अ‍ॅम्पमध्ये दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. बारके, जे इशारा वाढवतात, बहुतेक ईसीसी-८३, अमेरिकन लोक त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. आणि मोठे, जे स्पीकर हलवतात. मार्शलच्या जुन्या ५० वॉटमध्ये दोन ईएल-३४, व्हॉक्स या ब्रिटिश कंपनीच्या एसी-३० मध्ये चार ईएल-८४, फेंडरमध्ये ६व्ही६ नाहीतर ६एल६. एवढी नावं लक्षात राहिली तरी दुकानात बोलता येतं.

बंद अ‍ॅम्पसुद्धा मारतो

हे मी मुद्दाम आधी लिहितोय, दुरुस्तीच्या आधी. अ‍ॅम्पची पिन काढली म्हणजे धोका संपला असं नाही. आत जे मोठे कंडेन्सर असतात त्यांना फिल्टर कंडेन्सर म्हणतात, ते म्हणजे त्या कालव्याच्या कडेचं शेततळं समजा, पाणी कमी-जास्त आलं तरी पुढं धार सारखी राहावी म्हणून साठवून ठेवणारं. हे तळं पिन काढल्यावरही भरलेलं राहू शकतं, कधी कधी बराच वेळ, आणि तिथं ४०० च्या वर व्होल्ट असतात. घरातल्या लाईटचा झटका ज्यांनी खाल्लाय त्यांनाही सांगतो, हा झटका वेगळा आहे, हा डीसी आहे, आणि हृदयातून गेला तर माणूस जागेवर जातो.

रिकामं कसं करायचं तर १०० किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टन्स घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनवाल्या वायरी आणि क्लिपा लावायच्या, एक क्लिप आधी चेसिसला, म्हणजे तो आतला पत्र्याचा खोका, आणि दुसरी कंडेन्सरच्या प्लसला. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर अर्ध्या मिनिटात उतरतो. तरी विश्वास ठेवायचा नाही, मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून प्रत्येक कंडेन्सरवर वाचायचं, १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही. काही जण स्क्रू ड्रायव्हरनं सरळ शॉर्ट करतात, ठिणगी उडते, कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते, तसं करू नका.

चालू अ‍ॅम्पवर माप घ्यायचं असेल तर एक हात पाठीमागं किंवा खिशात, मीटरची काळी पिन क्लिपनं चेसिसला आधीच लावून ठेवायची आणि लाल पिन एका हातानं. पायात कोरडी चप्पल, खाली रबरी मॅट, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं असलेलं. रात्री सगळे झोपल्यावर एकट्यानं हे काम करू नये, कितीही येत असलं तरी.

पहिलं काम पिनेचं, अर्थचं आणि व्होल्टेजचं

अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडं २३० आहेत. सरळ लावला तर फ्यूज लगेच जाईल, ते नशीब समजा. कारण आपल्याकडं पुढं काय होतं हे सगळ्यांना माहितीय, फ्यूज उडाला की कुणीतरी तांब्याची तार गुंडाळतं. अ‍ॅम्पमध्ये फ्यूजच्या जागी तार टाकली की पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तोच सगळ्यात महाग पार्ट आहे. मागं जेवढ्याचा लिहिलाय तेवढ्याचाच फ्यूज टाका.

मग २३० चं १२० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, अ‍ॅम्प जेवढे वॉट ओढतो त्याच्या निदान दीडपट तरी ताकदीचा. एक बारीक गोष्ट अशी की स्टेप-डाऊन फक्त व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, अमेरिकेत ६० हर्ट्झ आहेत, आपल्याकडं ५०, म्हणून फक्त ६० साठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडं जरा जास्त तापतो. एप्रिल-मे मध्ये परभणीत ४२-४३ डिग्रीला पत्र्याच्या खोलीत सराव करत असाल तर हे लक्षात ठेवा, मागं पंखा लावा, मधेमधे बंद करा. ब्रिटिश अ‍ॅम्पच्या मागं बहुतेक वेळा व्होल्टेजचा सिलेक्टर असतो, तो आधी बघा कुठं आहे, आणि २४० ची खूण असेल तर आपल्याकडं तीच ठेवा.

आता अर्थ. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोनच पिना असायच्या, अर्थ नव्हताच, आणि आत एक बारका कंडेन्सर मेन लाईनमधून थेट चेसिसला जोडलेला असायचा, हम, म्हणजे ती भणभण, कमी व्हावा म्हणून. तो कंडेन्सर आतून शॉर्ट झाला की अख्ख्या चेसिसवर फेज येतो. आणि गिटारच्या तारा ब्रिजवरून, जॅकमधून त्या चेसिसलाच जोडलेल्या असतात, म्हणजे तुमच्या बोटांखाली फेज. परदेशातले मेकॅनिक त्याला सरळ मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. तो कापून काढायचा आणि तीन पिनेची वायर लावायची, अर्थची हिरवी वायर चेसिसला नट-बोल्टनं घट्ट. जुन्या वस्तूला हात लावू नये म्हणणारे खूप आहेत, पण इथं ऐकायचं नाही.

आमच्याकडं मांडवात एक प्रकार सर्रास चालतो, अ‍ॅम्पमधून घुंई आवाज आला की अर्थची पिन तोडून टाकतात आणि आवाज खरंच कमी होतो. पण मग गायकाच्या हातात माईक असतो, तो वेगळ्या बोर्डावरून किंवा जनरेटरवरून आलेल्या सिस्टिमला जोडलेला, आणि दुसऱ्या हातात गिटार. दोघांच्या चेसिसमध्ये शे-दीडशे व्होल्टचा फरक असू शकतो, आणि ओठ माईकला लागले की सर्किट पुरं. लग्नात, भीमजयंतीच्या कार्यक्रमात, गणपतीत बँजो पार्टीवाल्यांना ओठाला चटका बसणं हे इतकं नेहमीचं झालंय की कुणी तक्रारही करत नाही. करायला पाहिजे. सगळी सिस्टिम एकाच बोर्डावरून आणि चांगल्या अर्थवर घ्या, घुंई आवाज दुसऱ्या मार्गानं काढता येतो.

सिरीज बोर्ड: दोनशे रुपयांत मिळणारा डॉक्टर

प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडं हा असतो, मोटर वायंडिंगवाल्याकडं तर हमखास. एका लाकडी बोर्डावर होल्डर आणि सॉकेट, बल्ब आणि सॉकेट सिरीजमध्ये. जुना अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करायचा तो याच्यातूनच. बल्ब पिवळ्या तारेचा, ६० किंवा १०० वॉटचा पाहिजे, एलईडी चालत नाही, कारण या बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि ती करंट अडवते, खरा गुण त्यातच आहे.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवायचे आणि चालू करायचं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुतेक ठीक. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद, आणि नुसता फ्यूज उडण्यापेक्षा हे किती बरं, काही जळलं नाही. मग स्पीकर जोडून व्हॉल्व्ह घालायचे, पुन्हा बघायचं. आता बल्ब आधीपेक्षा थोडा जास्त उजेड देईल कारण व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारा, करंट ओढतात. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर अजून छान, पण मी तरीही बल्ब सोबत ठेवतोच.

स्पीकर जोडून असं लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तर सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, साधारण वीस वेढ्यांना एक वेढा या हिशोबाचा, आणि स्पीकर नसताना वाजवलं तर त्या पहिल्या वायंडिंगमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की इन्सुलेशन फाटतं किंवा सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. ओहमही जुळवा, ८ च्या जॅकला ८ चा स्पीकर.

खरा रोगी कंडेन्सर

फिल्टर कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते पंधरा-वीस वर्षांत वाळायला लागतं, आपल्या उन्हाळ्यात अजून लवकर. पन्नास वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प उघडला की बऱ्याचदा डोळ्यानंच कळतं, टोकाचं रबर फुगलेलं, पत्र्याच्या डब्याच्या बुडाशी पांढरी-तपकिरी खरपुडी, कधी वास. पण बाहेरून चकाचक असलेलाही आतून वाळलेला असतो, म्हणून इतक्या जुन्याचा विचारच करायचा नाही, बदलायचाच.

गिटारवाल्यांसाठी एक कानाची टेस्ट सांगतो, मला स्वतःला फार आवडते. गिटार बरोबर सुरात लावा, जाडी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजवा. तो जी स्वर ९८ हर्ट्झचा. आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, त्याच्यातून निघालेली लाट तिच्या दुप्पट म्हणजे १०० ची. अ‍ॅम्पची भणभण या स्वराशी जवळपास जुळली तर फिल्टर कंडेन्सरवर संशय घ्या. आणि भणभण त्याच्याही एक सप्तक खाली, जाड गुंई गुंई असेल तर ती ५० ची, म्हणजे अर्थिंग, हीटरच्या वायरी, किंवा गिटारची केबल बघा. मीटर हातात घ्यायच्या आधीच अर्धं निदान झालं.

बदलताना प्लस-मायनस उलटं लागलं तर नवा कंडेन्सरही फुटतो. आणि इथं एक फसवी जागा आहे. मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला मायनस व्होल्टेज देणारं एक छोटं सर्किट असतं, तिथल्या कंडेन्सरची प्लस बाजू चेसिसला असते आणि मायनस बाजू सर्किटला. इतर सगळ्यांच्या उलट. सवयीनं मायनस चेसिसला मारला की संपलं. हा बारका कंडेन्सर बदलायचाही बरेच जण विसरतात, आणि तो गेला की ते मायनस व्होल्टेज जातं आणि मोठे व्हॉल्व्ह लाल होतात.

दुसऱ्या जातीचे कंडेन्सर म्हणजे एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडं फक्त आवाज जाऊ देणारे आणि डीसी अडवणारे. ते जुने झाले की झिरपतात. परवाच एक अ‍ॅम्प आला होता, आधीच्या मेकॅनिकनं नवे ईएल-३४ घातलेले, त्यातला एक दहा मिनिटांत लालबुंद व्हायचा. त्याची ग्रिड मोजली तर तिथं उणे ३५ च्या आसपास पाहिजे होतं ते उणे १९ होतं. एका कंडेन्सरमधून मागच्या बाजूचं प्लस व्होल्टेज गळत होतं, म्हणजे दार कुणी हात न लावताच वर उचललं जायलं होतं आणि कालवा फुल्ल वाहत होता. काही रुपयांचा कंडेन्सर बदलला, तोच व्हॉल्व्ह आजही चालतोय. असे व्हॉल्व्ह खराब म्हणून किती जणांनी फेकले असतील याचं मला फार वाईट वाटतं.

रेझिस्टन्सचं थोडक्यात, जुने कार्बनचे असतात ते वयानं वाढतात, १०० किलोओहम लिहिलेला १३०-१४० दाखवतो आणि कढईत तेल तडतडल्यासारखा आवाज करतो. एक टोक सोडवून मोजा, सर्किटमध्ये लावलेला असताना माप खोटं येतं. व्हॉल्यूमचे पॉट (फिरवायच्या बटणाचे कंट्रोल), जॅक, व्हॉल्व्हचे सॉकेट यांच्यात आपल्याकडची धूळ बसते, क्लीनर मारून पाच-दहा वेळा फिरवलं की अर्धी खरखर जाते. जुने सोल्डरचे डाग करडे, भेगाळलेले दिसले तर पुन्हा कथील देऊन चकचकीत करा.

मग व्हॉल्व्ह कधी बदलायचे?

काचेच्या आत वर किंवा बाजूला चंदेरी डाग दिसतो, आरशासारखा. तो शिल्लक राहिलेली हवा शोषायला मुद्दाम ठेवलेला असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह गेला, वाद नाही. काचेच्या आतल्या बाजूला निळसर चमक दिसली तर घाबरू नका, ते चालतं. प्लेटमधल्या जागेत जांभळी-गुलाबी धुकट चमक असेल तर मात्र आत गॅस आहे.

बारके व्हॉल्व्ह तपासायला पेन्सिल. अ‍ॅम्प चालू, आवाज थोडा वर, पेन्सिलीच्या लाकडी टोकानं एकेकाला हळू टिचकी. थोडीशी टक सगळेच करतात, पण एखादा घंटेसारखा टणऽऽ करून वाजत राहिला तर त्याच्या आतले भाग सैल झालेत. चांगले बारके व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालतात, ते उगाच बदलू नका.

बायस, म्हणजे दार किती उघडं ठेवायचं

गिटार वाजत नसतानाही मोठ्या व्हॉल्व्हमधून थोडा करंट वाहत ठेवावा लागतो. दार पूर्ण मिटलेलं असलं तर हळू वाजवलेला आवाज कर्कश, तुटका येतो, जास्त उघडं असलं तर व्हॉल्व्ह भाजून निघतो. हे ठरवणं म्हणजे बायस. एसी-३० सारख्या अ‍ॅम्पमध्ये तो आपोआप जुळतो, हात लावायची गरज नाही. मार्शल, मोठे फेंडर यांच्यात जुळवावा लागतो किंवा निदान तपासावा लागतो.

हिशोब सोपा आहे. ईएल-३४ ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते, आपण निवांत असताना त्याच्या ७० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे साडेसतरा वॉट. प्लेटवर ४४० व्होल्ट मोजले तर साडेसतरा भागिले ४४० म्हणजे जवळपास ४० मिलिअँपिअर. हे मोजायला प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टन्स लावतात, मग त्याच्यावर जेवढे मिलिव्होल्ट दिसतील तेवढेच मिलिअँपिअर, डोकं चालवायलाच नको. सिरीज बोर्ड काढून, सरळ लाईटवर मोजायचं, नाहीतर आकडे खोटे येतात.

आता मराठवाड्यातली खास अडचण. गावात संध्याकाळी सगळ्यांचे टीव्ही-पंखे चालू असतात तेव्हा २०० च्या खाली व्होल्टेज, आणि मध्यरात्री डीपीवरचा लोड उतरला की २५०. बायस सकाळी २३० वर जुळवला आणि कार्यक्रम रात्री, तर आतलं ४४० चं पावणेपाचशेच्या पुढं जातं आणि हीटरचे ६.३ चे ६.८ होतात. म्हणून मी गावाकडच्या अ‍ॅम्पला ७० ऐवजी ६० टक्क्यांच्या आसपास बायस ठेवतो, आवाजात कुणाच्या कानाला फारसा फरक कळत नाही आणि व्हॉल्व्हला आयुष्य मिळतं. सोबत चांगला स्टॅबिलायझर घेतला तर उत्तमच. न्यूट्रल तुटलं की घरात ३००-३५० व्होल्ट येतात हे आपल्याकडं कुणाला नवीन नाही, वाजवून झालं की पिन काढून ठेवायची सवय लावा.

एवढे पार्ट बदलले तर जुना अ‍ॅम्प राहिला कुठं?

हा प्रश्न मनापासून विचारणारे खूप आहेत. माझं मत असं की आवाजाचा मोठा भाग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि सर्किटच्या रचनेत आहे, फिल्टर कंडेन्सरमध्ये नाही. कंडेन्सर हा टायरसारखा झिजणारा पार्ट आहे, कंपनीनं तो बदलला जाईल हे धरूनच लावला होता. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून अ‍ॅम्पसोबत द्या, कुणाला पुढं दाखवायचे असतील तर आहेत. ट्रान्सफॉर्मर मात्र जपा. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला तर चांगला ट्रान्सफॉर्मरवाला तो पुन्हा भरून देऊ शकतो, पण आऊटपुट ट्रान्सफॉर्मर मोटर वायंडिंगच्या दुकानात देऊ नका, त्यात दोन्ही बाजूंच्या तारा थरावर थर एकाआड एक भरलेल्या असतात, साधं वायंडिंग केलं की वरचे स्वर मरतात.

भोंग्याचा जुना अ‍ॅम्प गिटारला चालेल का?

चालतो, पण तसाच नाही. पंचायतीचे, देवळातले, टुरिंग टॉकीजचे जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लांबच्या वायरीवर बरेच भोंगे चालवायला बनवलेले असतात, त्यांच्या ७० किंवा १०० व्होल्टच्या लाईनवर गिटारचा स्पीकर लावू नका. ८ किंवा १६ ओहमचा टॅप, म्हणजे वेगळं जोडणीचं टोक, असेल तर तिथं लावा, आणि गिटारसाठी इनपुट बदलून घ्या. पैसे कमी असतील तर हा मार्ग खरंच चांगला आहे.

व्हॉल्व्ह आणि पार्ट येतात कुठून

आपल्याच देशात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले, ईसीसी-८३ आणि ईएल-८४ वर बीईएलचा शिक्का असलेले आजही जुन्या रेडिओ दुकानांच्या कपाटात सापडतात आणि दर्जा उत्तम आहे. नवे व्हॉल्व्ह आता जगात मोजक्याच ठिकाणी बनतात, स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्हला, आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियातून माल यायचा खोळंबला आणि सगळीकडं भाव वर गेले, तेव्हापासून लोक जास्तच घाबरून साठा करतात. कंडेन्सर, रेझिस्टन्स, सॉकेट यासाठी आमचे लोक हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत जातात, नांदेडहून ते सोयीचं पडतं, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कंडेन्सर घेताना व्होल्ट जुन्या इतके किंवा जास्त घ्या, कमी कधीच नाही, आणि तयार झालेलं वर्ष विचारा, दुकानात दहा वर्षं पडलेला नको.

स्वतः करावं की मेकॅनिककडं द्यावं?

पिन, सिलेक्टर, फ्यूज, स्पीकरचे ओहम, पेन्सिलची टेस्ट, चंदेरी डाग, कानानं हम ओळखणं, एवढं प्रत्येकानं स्वतः करावं. चेसिस बाहेर काढायचं काम, ज्यानं मीटर आणि कथील कधी हातात घेतलं नाही त्यानं पहिल्यांदा याच्यावर शिकू नये, आधी बॅटरीवर चालणाऱ्या पेडलवर हात बसवा. मेकॅनिक शोधताना त्यानं व्हॉल्व्हचं काम केलंय का तेवढं विचारा, प्रत्येक तालुक्याला एखादे रेडिओवाले काका अजून आहेत, त्यांना गिटार माहीत नसेल पण ४०० व्होल्ट चांगले माहीत असतात. त्यांच्याकडं शेजारी बसा, बघा, सर्किटचा नकाशा छापून न्या.

आणि काम झालं की पैसे द्यायच्या आधी आकडे मागा. कुठले कंडेन्सर बदलले, तारीख, त्या वेळी बोर्डात किती व्होल्ट होते, प्लेटवर किती, दोन्ही मोठ्या व्हॉल्व्हचा बायस किती, हे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवायचं. तास-दीड तास वाजवून बायस पुन्हा मोजायला लावा, नवे व्हॉल्व्ह सुरुवातीला सरकतात, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहा.